शेफिल्डचा वस्तरा आणि उंद्रीचा हज्जाम

गेल्या महिन्यात स्टाफरूममध्ये एक सहकारी वैतागून म्हणाले, "वरून माहिती मागवली होती. अख्खा रविवार नुसती हजामत केली." सगळे हसले. मीही हसलो. हसून झाल्यावर लक्षात आलं की आपण कोणाला हसलो. माझे आजोबा, ज्यांना आम्ही दादामियाँ म्हणत असू, उंद्रीत आयुष्यभर हजामतच करत होते. त्यात एकही रविवार फुकट गेला नव्हता. त्या हजामतीच्या ज्वारीवर आमचं घर चाललं, अब्बा मोठे झाले, आणि दोन पिढ्यांनी मी बी.एड. होऊन त्या स्टाफरूममधल्या खुर्चीवर बसलो.

हा लेख वस्तऱ्यावर आहे. जुना वस्तरा कुठे मिळतो, कसा ओळखायचा, हे मी यात सांगणार आहे. पण त्याआधी एक गुन्हा कबूल करायचा आहे, कारण पुढचा सगळा राग मुळात स्वतःवरचा आहे.

दादामियाँची धोकटी आमच्या माळ्यावर होती. चामड्याची, कडा झिजलेली. आत दोन वस्तरे, धारेचा दगड, पट्टा, पितळेची वाटी, नराणी, कात्री आणि तडा गेलेला आरसा. दादामियाँ गेल्यावर अब्बांनी शिवणयंत्र धरलं, पण धोकटी टाकली नाही. २००५ साली मला नोकरी लागली. घराला रंग दिला. पाहुणे येणार होते, सोयरिकीचं बोलणं होतं. मी स्वतः माळ्यावर चढलो आणि ती धोकटी तुटक्या बादलीबरोबर भंगारवाल्याच्या तराजूत ठेवली. लोखंडाच्या भावाने. अब्बा दारात उभे होते, काही बोलले नाहीत. पाहुण्यांना मुलाचा आजा हज्जाम होता हे माळ्यावरून दिसू नये, एवढाच माझा हेतू होता.

काही वर्षांनी मुंबईला गेलो असताना चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर फिरत होतो. एका दुकानात काचेच्या कपाटात, खाली मखमल अंथरून, एक वस्तरा ठेवलेला. किंमत विचारली. दुकानदार म्हणाला, "साडेतीन हजार. शेफिल्डचा आहे, साहेब. कोणा लाटसाहेबाचा असेल." मी हातात घेतला. मूठ शिंगाची, एक खिळा मूळचा आणि दुसऱ्या जागी तांब्याची तार पिळून बसवलेली. लाटसाहेब तांब्याची तार पिळत नाहीत. तो वस्तरा कोणा हज्जामाच्या, कोणा न्हाव्याच्या धोकटीतला होता, हे त्या तारेवरून कळत होतं. पण दुकानदाराला तार हा दोष वाटत होता. "तेवढं बदलून देतो," असं तो म्हणाला.

तेव्हापासून मी वस्तरे बघत आलो. सुट्टीत मुंबईचा चोर बाजार, बुधवारी-रविवारी भरणारा पुण्याचा जुना बाजार, आपल्याकडे चिखली-खामगावची भंगाराची दुकानं. जे शिकलो ते आधी सांगतो, म्हणजे तुमच्या माळ्यावर काही असेल तर माझ्यासारखं करणार नाही.

वस्तऱ्याचं पातं जिथे संपून मुठीच्या खिळ्याकडे जातं, त्या चपट्या दांडीवर शिक्का असतो. तिथे भिंग लावून बघा. गंज असेल तर सँडपेपर मारू नका. दुकानदार चकचकीत करण्याच्या नादात तेच करतात आणि शिक्का पुसून टाकतात. थोडं तेल लावून मऊ कापडाने पुसलं तरी अक्षरं दिसतात. 'शेफिल्ड' म्हणजे इंग्लंड, 'सोलिंगेन' म्हणजे जर्मनी, 'एस्किलस्टुना' म्हणजे स्वीडन. या गावांनी जगाची दाढी केली. चिन्हंही ओळखीची असतात. तारा आणि त्याच्या बाजूला क्रूस असेल तर तो जोसेफ रॉजर्सचा. हे चिन्ह शेफिल्डमध्ये १६८२ पासूनचं आहे. जुळी माणसं असतील तर सोलिंगेनच्या हेंकेल्सचा.

मग देशाचं नाव बघा. जर्मन कारखानदार आपल्या मालावर शेफिल्डचं नाव ठोकून विकतात, अशी ओरड झाल्यावर ब्रिटनने १८८७ साली व्यापारी चिन्हांचा कायदा केला. अमेरिकेने १८९० साली आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं. म्हणून शिक्क्यात गावाबरोबर 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असं लिहिलेलं असेल तर वस्तरा बहुधा १८९० नंतरचा. नुसतं गाव असेल तर त्याआधीचा असण्याची शक्यता, पण खात्री नाही. 'मेड इन' हे शब्द असतील तर बहुतेक विसाव्या शतकातला. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधला, आणि तो कोणी शंभर वर्षांचा म्हणून विकत असेल तर हसून पुढे जा.

पातं आडवं धरून टोकाकडून बघा. जुनी पाती पाचरीसारखी असतात, पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळती होत जाणारी, हाताला जड. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेली पातळ पाती रुळली. ती नखाने हलकेच छेडली तर आवाज करतात. मूठ शिंगाची, हाडाची, लाकडाची असते. हस्तिदंतासारखी पिवळसर दिसणारी मूठ बहुतेक वेळा सेल्युलॉइडची निघते. खऱ्या हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेषा दिसतात, आणि खरा हस्तिदंत विकणं आपल्याकडे गुन्हा आहे, हे दुकानदाराला माहीत असतं. सेल्युलॉइड जुनं झालं की कुजतं आणि त्यातून सुटणाऱ्या वाफेने पातं आतून गंजतं. म्हणून तशी मूठ असलेला वस्तरा बंद डबीत ठेवू नका.

इथपर्यंतचं ज्ञान शौकीन लोकांकडे असतं. भांडण इथून पुढे सुरू होतं.

या सगळ्या ओळखीत वस्तरा कोणी बनवला हे कळतं. तो कोणी चालवला हे कोणी विचारत नाही. शिक्का असला की किंमत हजारात, शिक्का नसला की किलोवर. गावच्या लोहाराने घडवलेला, आखूड रुंद पात्याचा, साध्या लाकडी मुठीचा वस्तरा दुकानात नेऊन बघा. "गावठी आहे, कोणी घेत नाही," असं म्हणून तो परत तुमच्या हातात देतील. ज्या बाजारात एक काळ शेफिल्डचं नावच खोटं ठोकलं जात होतं, त्या बाजाराने नावालाच सगळं मानावं, हा विनोद कोणाला दिसत नाही.

आणि शेफिल्डचं पोलाद तरी कुठून मोठं झालं? १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी दख्खनी पोलादाचे, ज्याला इंग्रज 'वूट्झ' म्हणत, नमुने लंडनला रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर सोसायटीपुढे निबंध वाचला. जेम्स स्टोडार्ट नावाचे शस्त्रक्रियेची हत्यारं बनवणारे कारागीर होते. आपली हत्यारं हिंदुस्थानातल्या पोलादाची आहेत, आणि युरोपातल्या सर्वोत्तम पोलादापेक्षा ते आपल्याला सरस वाटतं, हे ते आपल्या जाहिरातीच्या कार्डावर छापत. याच स्टोडार्टना बरोबर घेऊन मायकेल फॅरडे यांनी, हो, विजेवाल्या फॅरडेंनीच, वूट्झचं रहस्य शोधण्यासाठी पोलादाच्या मिश्रणांवर प्रयोग केले. ते १८२० आणि १८२२ साली प्रसिद्ध झाले. या प्रयोगातून निघालेल्या पोलादाचे वस्तरे फॅरडे पुढे मित्रांना भेट देत असत. इंग्रजी वस्तऱ्यांवर 'इंडिया स्टील' असा शिक्का ठोकलेला आढळतो, तो या कीर्तीमुळे.

हे पोलाद भट्टीत मुरवणारे लोक आपल्या शेजारचे. निजामाबादकडच्या कोनासमुद्रमसारख्या गावांत ते बनत असे आणि इराणचे व्यापारी तिथवर येऊन विकत घेत. आपला वऱ्हाडही तेव्हा निजामाच्याच राज्यात. त्या भट्टीवाल्यांपैकी एकाचंही नाव कुठल्या पात्यावर नाही. शिक्का स्टोडार्टचा, शिक्का शेफिल्डचा. मग आपल्या लोहाराच्या वस्तऱ्यावर नाव नाही म्हणून तो भंगार, असं म्हणणारा माणूस शौकीन असेल, जाणकार नाही.

आता वस्तरा चालवणाऱ्या हाताकडे येऊ. वर १८९० या सालाचा दोनदा उल्लेख केला. शौकिनांसाठी ते शिक्क्याचं साल आहे. महाराष्ट्रासाठी ते आणखी एका गोष्टीचं साल आहे. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी बांधव सभा घेऊन एकत्र आले आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही, असं त्यांनी ठरवलं. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पहिले पुढारी, जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. केशवपनाविरुद्ध लेख लिहिणारे विद्वान तेव्हा पुष्कळ होते, आणि त्यांचं लिहिणंही मोलाचं. पण लेख लिहिणाऱ्याचं पोट त्या लेखावर नव्हतं. या माणसांचं पोट वस्तऱ्यावर होतं आणि त्यांनी तोच खाली ठेवला. ज्यांच्या हातात काम आहे तेच नाही म्हणाले, हे आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात किती वेळा घडलं?

म्हणजे १८९० च्या आगेमागचा, 'शेफिल्ड' लिहिलेला एखादा वस्तरा मुंबईच्या दुकानात पडून असेल, तर त्याने कोण्या विधवेचं डोकं भादरायला नकार दिलेला असू शकतो. दुकानदार मात्र सांगणार, "लाटसाहेबाचा असेल."

दुकानदाराला बोलणं सोपं आहे. आता घरच्यांना बोलतो.

मी उर्दू शिकवतो, मराठीही शिकवतो. मराठीतला 'वस्तरा' हा फारसी 'उस्तुरा'. संस्कृतातला 'क्षुर' आपल्या 'क्षौर' शब्दात बसला आहे. 'हज्जाम' हा अरबी, 'हिजामा' म्हणजे तुंबड्या लावून रक्त काढण्याच्या उपचारावरून आलेला. म्हणजे मुळात हज्जाम हा उपचार करणारा, अर्धा वैद्य. पैगंबर साहेबांनी अबू तैबा या गुलामाकडून हिजामा करून घेतला, त्याला त्याची मजुरी दिली आणि त्याच्या मालकांकडे बोलून त्याच्यावरचा बोजा कमी करवला, ही हदीस आपल्या मौलवींना पाठ आहे. हजचे विधी डोकं भादरल्याशिवाय किंवा केस कापल्याशिवाय पुरे होत नाहीत. मूल सात दिवसांचं झालं की अकीक्याला पहिला वस्तरा हज्जामाचाच. शेजारच्या हिंदू घरात जावळाला तेच.

एवढं सगळं असून आपल्या घरांत भांडण झालं की तोंडातून काय निघतं? "हज्जाम कहीं का." मशिदीत आपण खांद्याला खांदा लावून उभे राहतो, आणि सोयरिकीच्या वेळी हळूच विचारतो, "बिरादरी कोणती?" व्यासपीठावर सांगतो की आपल्यात जात नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, दिलीपकुमारांसारखा माणूस तिच्या पाठीशी उभा राहिला, म्हणून आपल्यातल्या कारागीर बिरादऱ्यांच्या मुलांना दाखले मिळू लागले. तो दाखला आपण फाइलमध्ये जपून ठेवतो आणि ज्या हत्याराच्या जोरावर तो मिळाला ते भंगारात देतो. हे मी कोणाला सांगतोय? २००५ साली माळ्यावर चढलेल्या मलाच.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो माझ्याच बिरादरीतल्या एका शिकलेल्या मुलाने घेतला. तो म्हणाला, "सर, वस्तरा ही गुलामीची निशाणी आहे. बलुत्यात माझ्या आज्याने कोणाकोणाच्या बगला काढल्या, त्या बदल्यात पायलीभर ज्वारीसाठी खळ्यावर उभा राहिला. ते जपायचं कशाला? गेलं ते बरं झालं."

हा आक्षेप खोटा नाही. मी बलुत्याचे गोडवे गाणारा माणूस नाही. खळ्यावर सगळ्यात शेवटी माप कोणाच्या पदरात पडायचं हे दादामियाँनी मला सांगितलं आहे. तो वस्तरा पुन्हा दाढीसाठी वापरा असंही मी म्हणत नाही. एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये म्हणून सलूनमध्ये बदलायच्या ब्लेडचे वस्तरे आले, ते योग्यच झालं. पण गुलामीची निशाणी नष्ट केल्याने गुलामी करून घेणाऱ्याची सोय होते. पुरावा आपणच मोडीत काढतो, आणि उरतं काय? काचेच्या कपाटातला शेफिल्डचा वस्तरा आणि लाटसाहेबाची गोष्ट. पन्नास वर्षांनी तुझा नातू विचारेल की आपल्या लोकांनी काय केलं, तेव्हा त्याला दाखवायला शिव्या तेवढ्या राहतील, कारण त्या कोणी भंगारात देत नाही.

पुण्यात दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, कुलपं अशा घरगुती वस्तू गोळा केल्या. लोक त्यांना वेडं समजले असतील. आज परदेशी पाहुणे तिकीट काढून ते अडकित्ते बघतात. अडकित्त्याला मान मिळाला, कारण एका माणसाने तो मानाच्या जागी ठेवला. धोकटीला मान द्यायला बाहेरून कोणी येणार नाही.

शेवटी, मला दादामियाँचा वस्तरा सापडला का? नाही. तो केव्हाच वितळून कुठल्या तरी सळईत गेला असेल. पण दोन वर्षांपूर्वी चिखलीच्या एका भंगाराच्या दुकानात खिळ्यांच्या डब्यात एक वस्तरा मिळाला. शिक्का नाही. पातं आखूड, मूठ लाकडाची, चिरलेली. दुकानदार म्हणाला, "सर, ये लेके क्या करोगे? वीस रुपये दे दो."

तो घेऊन मी गावातल्या एका म्हाताऱ्या न्हावीकाकांकडे गेलो. डोळ्यांनी कमी दिसतं त्यांना. त्यांनी वस्तरा हातात घेतला, अंगठा पाठीवरून फिरवला, मग धारेवर आडवा लावून बघितला. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा लोहाराचा हाय. बसवलेलं पातं नाही, एकाच लोखंडाचं ठोकून काढलंय. लय वर्सं चाललाय, पाठ बघा कशी घासून चपटी झाली. टाचेकडं जास्त झिजलाय, म्हणजे दगडावर हात मागं दाबायची सवय होती गड्याला. शिकवणाऱ्यानं लहानपणी मोडायला पायजे होती ती. पण धार लावणारा मेहनती होता, पात्यात कुठं खाच नाही." थोडं थांबून म्हणाले, "आन मूठ एकदा पडून फुटलीय. त्यानं ती सुतळीनं बांधून चालवली, बघा, सुतळीचा वळ हाय. नवी घ्यायला पैसा नसंल."

मटण स्ट्रीटवरच्या साडेतीन हजारांच्या वस्तऱ्याबद्दल मला एवढं कोणी सांगितलं नव्हतं. शिक्का वाचणारे मी खूप बघितले. हात वाचणारा हा पहिलाच, आणि तो उंद्रीत माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर राहत होता. मी त्याच्याकडे जायला चाळिशी ओलांडावी लागली.

म्हणून वाचकांना सांगणं एवढंच. माळ्यावर धोकटी असेल तर खाली काढा. पुसू नका, घासू नका, नवे खिळे ठोकू नका. तार असेल तर तार राहू द्या, सुतळी असेल तर सुतळी. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला समोर बसवून विचारा की हा कोणाचा, कोणाच्या दारात चालला, ज्वारी किती मिळायची, कोण उधार ठेवायचं, कोणाचं केशवपन केलं आणि कोणाचं करायला नाही म्हटलं. एका चिठ्ठीवर लिहा आणि ती धोकटीत ठेवा. विकायचाच असेल तर विका, गरिबाला जपण्याची सक्ती करणारा मी कोण, पण चिठ्ठीसकट विका. दुकानदाराने चिठ्ठी फेकून दिली तर दुसरं दुकान बघा.

तो वीस रुपयांचा वस्तरा मी शाळेत नेला. सातवीच्या वर्गात मराठीच्या तासाला टेबलावर ठेवला आणि 'वस्तरा', 'उस्तुरा', 'क्षौर' हे शब्द फळ्यावर लिहिले. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा बाप बसस्टँडजवळ सलून चालवतो आणि जो एरवी मान वर करत नाही, तो उठून पुढे आला. त्याने वस्तरा उघडला, अंगठा पाठीवर ठेवला, करंगळी दांडीच्या टोकावर. बरोबर धरला. वर्गातला कोणीतरी फिसकन हसला. मी त्या हसणाऱ्याला उभं केलं आणि न्हावीकाकांनी सांगितलेलं सगळं, टाचेच्या झिजेपासून सुतळीच्या वळापर्यंत, त्या मुलाच्या हातातल्या पात्यावर दाखवत वर्गाला समजावलं. मग त्या दिवशी स्टाफरूममध्ये गेलो आणि त्या सहकाऱ्यांना सांगितलं की "हजामत केली" हे पुन्हा माझ्यासमोर म्हणू नका, माझे आजोबा हज्जाम होते. एकवीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य मी तिथे पहिल्यांदाच बोललो.